अकरा नग

शनिवारी त्यानं माझे अकरा नग बाजूला काढले.
खडूनं फुल्या मारल्या, बोलला काही नाही.
रविवारी शेठ म्हणाले, भरमा, पाव्हण्याला गाव दाखवून आण,
हॉटेलात बसून कंटाळलाय.

मी उद्यमबागेतला टर्नर. गाव मलाच कुठं दिसतंय?
पहिली पाळी, दुसरी पाळी, मधे सायकल.

एत्तोरे त्याचं नाव, गाव सिएना.
त्याचं इंग्रजी लंगडं, माझं पांगळं,
दोन्ही मिळून एक वाक्य कसंबसं चालायचं,
खंदकाच्या कडेनं, किल्ल्याच्या दरवाजातून आत.

कमलबस्तीत पायताणं काढली.
त्याच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.
मला बरं वाटलं.

छताला दगडाचं कमळ उलटं टांगलेलं,
पाकळीआड पाकळी,
गाभा असा खाली उतरलेला की आता ठिबकेल.
त्यानं मान मागं टाकली, ती बराच वेळ परत आणलीच नाही.
मी कमळ नाही बघितलं. खांब बघत होतो.
काळा दगड. कडी, कडीखाली खाच, पुन्हा कडी.
हे नुसत्या छिन्नीचं नव्हे. हे फिरवलंय.
आठशे वर्षांमागं कुणीतरी हा खांब फिरता ठेवून
हत्यार टेकवून उभा राहिला असणार,
माझ्यासारखाच, डावा पाय जरा पुढं.
त्याची पाळी किती तासांची? ओव्हरटाइम मिळायचा का?
पन्नास वर्षं या गावात काढली,
आणि माझ्या धंद्याचा माणूस मला आज भेटतोय.

एत्तोरेनं खिशातून व्हर्निअर काढला. रविवारी!
या खांबाची खाच मापली, त्या खांबाची मापली,
ओठ हलवत वजाबाकी केली, आकडा मला दाखवला.
‘रिजेक्ट?’ मी विचारलं.
तो असा हसला की आतले पंडित बाहेर आले.

खडेबाजारात द्रोणातून कुंदा खाल्ला.
दूध आटवता आटवता कुणाचं तरी लक्ष चुकलं,
त्यातनं हे झालं म्हणतात, मी सांगितलं.
तो म्हणाला, आमच्याकडंही एक आहे,
बदाम, मध, मसाला, विटेसारखं जड,
एक तुकडा घेतला की हिवाळाभर चघळायचा.
मग फोनवर एक भिंत दाखवली.
उंच, कमानीची, मागं काहीच नाही, खाली गाड्या लावलेल्या.
देऊळ मोठं करायला काढलं होतं, सगळ्यांपेक्षा मोठं.
प्लेग आला. माणसं संपली. भिंत राहिली.
प्लेग मला समजला. त्याला इंग्रजी लागत नाही.
आमचे पणजोबा रानातल्या खोपटात जन्मले, त्याच साली.

कोपऱ्यावर एका पाटीवर डांबर फासलेलं.
हे काय, म्हणाला.
मी काय सांगणार? दोन भाषा, एक गाव, एवढंच म्हटलं.
त्यानं मान हलवली.
शेजारच्या शहरानं आम्हाला जिंकून साडेचारशे वर्षं झाली,
माझा काका अजून त्यांचं नाव घेत नाही.
आमचं ताजं आहे, मी म्हणालो.
तेवढ्यात चहावाल्यानं कन्नडमध्ये साखर विचारली
आणि मी मराठीत कमी सांगितली.

शहापुरात तुंगाक्कांनी मांडा हातावर फिरवत नेला,
मनगटापासून कोपरापर्यंत, कोपरापासून पार पलीकडं,
त्यातून ट्यूबलाइट दिसायला लागली.
एत्तोरेनं व्हर्निअरला हात घातला
आणि परत काढून घेतला.
जाताना दोन डझन बांधून घेतले.
आम्ही जन्मभर मनात मांडे खातो,
हा पिशवीत घालून विमानात बसणार.

सोमवारी त्यानं अकरा नग पुन्हा मापले.
अकराच्या अकरा बाद.
खडूनं फुल्यांवर फुल्या मारल्या,
आणि शेवटच्या नगाच्या बाजूला, लहान,
एक कमळ काढलं. वाईट काढलं होतं.
पाकळ्या पाचच.
मी ते पुसलं नाही. नग भंगारात गेला तेव्हा
कमळासकट गेला.